तिवराची रोपं

खाडीच्या गुडघाभर चिखलात उतरून सुलभाकाकू तिवराची रोपं लावत होत्या. मी दोन दिवसांसाठी माहेरी आले होते, मीही मदतीला उतरले. समुद्र आत घुसू नये म्हणून ही झाडं. शेजारची तीन घरं बंद होती. विहिरी खारट झाल्या तशी माणसं निघून गेली.

"काकू, ही मोठी व्हायला किती वर्षं?"

"दहा तरी. आम्ही मात्र दिवाळीनंतर लेकीकडे जाणार, पुण्याला. कायमचे."

"मग लावता कशाला?"

"कधी परत यावंसं वाटलं, तर जमीन नको का राहायला?"

घर सोडायचं ठरलेल्या माणसाला जमिनीची एवढी काळजी असते, हे मला माहीत नव्हतं.

भरती लागली. आम्ही बांधावर चढलो. पाणी बांधाच्या काठाला टेकलं, आणि तरीही चढतच राहिलं.