कोसॅक म्हातारीचा वरचा आवाज

हॉस्पिटलच्या फार्मसीत अकरा महिने उभं राहून पाय सुजवून घ्यायचे आणि डिसेंबरात, म्हणजे इथल्या दक्षिण गोलार्धातल्या भर उन्हाळ्यात, मिळालेल्या तीन आठवड्यांच्या सुट्टीत परत दमायलाच जायचं, हा उद्योग मी सलग तीन वर्षं केला. आमचे रोटोटुनातले शेजारी टौरंगाला समुद्रावर जातात, वाळूत लोळतात, भाजून निघून परत येतात. मी मात्र गाडीत उशी, तांदूळ आणि चहाचा मसाला टाकून पामर्स्टन नॉर्थच्या बाहेरच्या एका शेतावर जायचे. पंच्याऐंशी उलटलेल्या एका रशियन कोसॅक म्हातारीकडून गाणं शिकायला! नवरा म्हणायचा, हौसेला मोल नाही. लेक म्हणायची, "आई, जस्ट यूट्यूब इट." तिचंही काही अगदीच चुकत नव्हतं.

झालं होतं असं की तिथल्या एका मेळाव्यात आमच्या मराठी मंडळाचं भजन होतं. आमच्यानंतर चार म्हातारी माणसं उभी राहिली. ही बाई, तिचा धाकटा भाऊ, भावजय आणि एक चुलतबहीण. ना पेटी, ना तबला. भावाने जाड आवाजात ओळ उचलली, दोघींनी ती खालून धरली, आणि मग या बाईचा आवाज सगळ्यांच्या वर चढून एकटाच फिरायला लागला. शब्द सोडून, नुसता आ-ओ करत. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. पुण्यात पंधरा वर्षं शास्त्रीय शिकले होते मी, पण हे काय आहे ते कळेना. मागे जाऊन विचारलं, शिकवाल का? ती म्हणाली, मी शिकवत बिकवत नाही, उन्हाळ्यात येऊन राहा.

तिचा जन्म चीनच्या उत्तरेला, सायबेरियाच्या सीमेलगत, रशियातून पळून आलेल्या कोसॅकांच्या गावात झालेला. वयात येता येता बोटीने इथे आली. ते गाव आता उरलेलं नाही आणि त्या गावची गाणी या चौघांशिवाय कुणाला येत नाहीत. बाकी तिघांचे आवाज खालचे. वरचा आवाज हिचा एकटीचा, आणि हिची फुप्फुसं कामातून गेलेली. नातवंडांना यात रस नाही. "माझ्यामागे वरचा आवाज कुणी उचलला नाही तर गाणं खलास," हे तिने पहिल्याच दिवशी बटाटे सोलता सोलता सांगून टाकलं. मी आपली वहीपेन घेऊन अभ्यासाला गेलेले.

आणि शिकणं म्हणजे तरी काय? सकाळी कोंबड्या, मग प्लम उतरवायचे, मग जॅम. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून गोठ्यात गेले म्हणून बोलणी खाल्ली. चार-चार दिवस गाण्याचं नाव नाही. आणि मग अचानक, हात जॅमने बरबटलेले असताना, भाऊ दारातून ओळ उचलायचा की सगळ्यांनी असतील तिथून सुरू. मी हात पुसून वही उघडेपर्यंत दोन कडवी झालेली असायची. दुपारी मला उभ्या उभ्या झोप यायची. घरी असते तर निदान पंख्याखाली पडले तरी असते, असं रोज मनात यायचं, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्यांचा एक नियम मात्र लगेच पटला. शेजारी श्वास घेत असेल तेव्हा आपण घ्यायचा नाही. पाळीपाळीने घ्यायचा, म्हणजे गाणं कुठे तुटत नाही. ते मला जमलं. न जमणारी गोष्ट वेगळीच होती.

मी म्हातारीचा आवाज सरगमात उतरवून काढला, पाठ केला, तिची प्रत्येक जागा अगदी तिच्यासारखी घेतली. आपल्याकडे हेच शिकवतात. गुरूच्या गळ्यातलं जसंच्या तसं आधी आपल्या गळ्यात यायला हवं. पण बाई दर वेळी वेगळं गायची! यातलं बरोबर कुठलं, असं विचारलं की वैतागायची. दुसऱ्या उन्हाळ्यात तर सरळ म्हणाली की माझ्यासारखा आवाज माझ्याकडे आहेच, दुसरा घेऊन काय करू? मी रागावून दोन दिवस धड बोलले नाही. इतक्या लांब गाडी हाकत यायचं ते हे ऐकायला? कपाळ माझं.

तिसऱ्या उन्हाळ्यात गेले तेव्हा तिच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती. एका वाक्यात दोनदा थांबायची. माझ्यासारख्या फार्मसीवालीला आणखी काही सांगायची गरज नव्हती. तिला पुढचा उन्हाळा दिसणार नव्हता.

सात जानेवारीला त्यांचा नाताळ असतो, जुन्या पंचांगाचा. भर दुपारी टेबल मांडलं, मासे, कोबी, उकडलेले बटाटे. जेवण अर्ध्यावर आलं आणि भावाने ओळ उचलली. म्हातारीने नळी काढून ठेवली आणि वर चढली, मी तिच्यामागे तिच्यासारखीच. दुसऱ्या कडव्यात ती मध्येच थांबली. मीही थांबले. गुरू थांबल्यावर पुढे गात राहायचं? माझ्या स्वप्नातही आलं नसतं. वरचा आवाज गेल्याबरोबर खालचे तिघे दोन ओळी फरफटले आणि गाणं बंद पडलं. भावाने काटा खाली ठेवला. कुणी कुणाकडे बघेना.

"मी थांबले, तर तू का थांबलीस?" म्हातारीने विचारलं.

"तुमच्या पुढे जाऊन कसं गाऊ, आजी?"

ती दम घेत राहिली. मग म्हणाली, "मी मुद्दाम थांबले होते. मरताना मी काही तुला विचारून थांबणार नाही."

माझे कान तापले. शरम वाटली, रागही आला, आणि सगळ्यात जास्त थकवा आला. तीन उन्हाळे मी आदर करत बसले होते, आणि तिला नेमकं तेच नको होतं. भावाने परत पहिली ओळ धरली. म्हातारीने नळी नाकात घातली, हात मांडीवर ठेवले आणि तोंड मिटून घेतलं.

मग मीच चढले. वहीतलं काही आठवेना. भीतीने जे सुचलं ते गायले, मध्येच आपल्या भजनातली एक हरकत आली, ती मागे घेता येईना, तशीच पुढे नेली. खालच्या तिघांनी ती झेलली. भावजय माझ्याकडे न बघता माझ्या श्वासाची जागा सांभाळत होती. चारही कडवी झाली, गाणं कुठे तुटलं नाही.

शेवटचा सूर संपल्यावर म्हातारी कितीतरी वेळ ताटाकडे बघत होती. आठ वर्षांची असल्यापासून ती हे गाणं गात होती, आणि त्यात आपण नसताना ते तिने कधी ऐकलंच नव्हतं.

"झालं की," ती म्हणाली. "माझ्यावाचून झालं."

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. ते बरं वाटल्याचं होतं की वाईट वाटल्याचं, हे मला विचारवलं नाही. मी इतकी दमले होते की मला रडूसुद्धा येईना. तिने गाल पुसले, बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली की गार व्हायच्या आत घे.