देवीच्या आधीची पोळी

माझ्या आबांनी आयुष्यात एकदाही गणपतीला हात जोडले नाहीत.

आणि माझ्या गणपतीला बारा वर्षं दुर्वा पुरवल्या, त्याही त्यांनीच.

आज आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, जाऊन तीन वर्षं झाली. तिथी नेमकी गणपतीत येते. जाता जातासुद्धा खोडी काढायची सोडली नाही म्हाताऱ्याने.

आमचं माहेरचं घर मोताळ्याचं. भाजीपाला लावणारं, आणि महानुभाव पंथाचं. म्हणजे परमेश्वर एक. बाकी देवदेवतांना हात जोडायचे नाहीत, त्यांचा नैवेद्य खायचा नाही. एकदा उपदेश घेऊन पंथात आलं की आलं.
मीही घेतला होता. दहावीच्या सुट्टीत, आबांसोबत जाऊन.

मग लग्न झालं. लव्ह मॅरेज. खामगावला, सासरी दहा दिवसांचा गणपती.
पहिल्या वर्षी आरतीला मागे उभी राहिले, हातात मोबाईल घेऊन. दुसऱ्या वर्षी सासूबाई आजारी पडल्या आणि सगळी पूजा माझ्यावर आली.

खरं सांगते, मला ते आवडलं. मनापासून आवडलं.
प्रॉब्लेम तोच होता. कुणी जबरदस्ती केली असती तर आबांना सांगणं सोपं होतं.

वर्षभर लपवलं. माहेरी गेले की आबा दारातच म्हणायचे, "दंडवत प्रणाम!" आमच्यात एकमेकांना भेटलं की असंच म्हणतात. मी काहीतरी पुटपुटून स्वयंपाकघरात सटकायचे.

शेवटी एका दुपारी धीर केला. आबा ओट्यावर बसून बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होते.

"आबा, घरी गणपतीची पूजा मीच करते. पंथात राहू की सोडू, काही कळेना झालंय."

त्यांनी हातातली जुडी बांधून पूर्ण केली. दुसरी घेतली.

"मी बी सोडनार होतो," आबा म्हणाले.

आबा?! ज्यांच्या भीतीने आमच्या घरात कुणी लग्नाच्या पत्रिकेवरचा गणपतीसुद्धा नीट बघत नसे, ते आबा?

गोष्ट त्यांच्या भाषेत "सीपी-बेरारच्या टाइमची", म्हणजे आमचा भाग जुन्या मध्य प्रांतात होता तेव्हाची. आबा सतरा वर्षांचे. बाजारात वांगी विकताना एका महानुभाव बाबांचं बोलणं ऐकलं आणि थोड्याच दिवसांत उपदेश घेऊन आले. घरात तर पिढ्यान्‌पिढ्या देवी. वडील वारलेले, आबा एकुलते एक. आता नवरात्रात घट कोण बसवणार?

त्यांच्या मायने स्वतः बसवले. पोराला एक शब्द बोलली नाही. गाव मात्र पोटभर बोललं.

दसऱ्याला जेवायला आलेल्या सगळ्यांच्या पानात तव्यावरची गरम पुरणपोळी. आबांच्या पानात गार.
दुसऱ्या वर्षीही गार.

"म्या म्हनलं, माय राग काढून राह्यली. तोंडानं बोलत नाही, पन गार पोळी वाढते."

तिसऱ्या दसऱ्याला त्यांनी ठरवलं, बस झालं. आईला असं दुखवून कसला धर्म? उपदेश सोडायचा, देवीला हात जोडायचे आणि नैवेद्याच्या ताटातलंच जेवायचं. हे सांगायला ते सकाळीच चुलीपाशी गेले.

तर माय तव्यावरची पहिली पोळी काढून ताटात ठेवत होती. वर दुसरं ताट झाकलं, फडताळात सरकवलं.
देवीचा नैवेद्य अजून व्हायचा होता.

ज्यांच्या घरी नैवेद्य असतो त्यांना हे वेगळं सांगायला नको. देवाच्या आधी पुरणाला नुसतं बोट लावलं तरी पाठीत धपाटा बसतो.

"काऊन वं माय, हे कोनाचं?"

"तुह्यं. देवीले दाखवल्यावर तुले चालत नाही ना. म्हनून पयलीच काढून ठेवली."

"अन् देवीनं पाह्यलं त?"

"दोन सालापासून पाहूनच राह्यली ते. ते बी मायच हाय. समजते तिले."

पोळी गार असायची, कारण ती सगळ्यांत आधीची असायची.

"मंग नाही सोडला उपदेश," आबा म्हणाले. "मायनं माह्या नेमासाठी तिचा नेम मोडला. अन् म्या आपला सोडून द्यावा? तिचं केलेलं समदं मातीत गेलं असतं."

"मग मी काय करू, आबा?"

"ते मले नोको इचारू. मायनं मले कुठी सांगतलं होतं?"

दोन महिने घेतले मी. आणि सोडला. खूप रडले, पण सोडला. आबांना फोन करून सांगितलं. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.
मला वाटलं, आपलं माहेर संपलं.

गणेश चतुर्थीला सकाळी मोताळ्याच्या एसटीतून एक ओलं पोतं आलं. आबांनी धाडलेलं. आत दुर्वा. मुळांसकट, मातीसकट! एकवीस दुर्वांची जुडी वाहतात हे जन्मात पूजा न केलेल्या माणसाला कुठून माहीत असणार? म्हशीला दोन दिवस पुरल्या असत्या.

मी फोन लावला. "आबा, तुम्ही गणपतीसाठी दुर्वा तोडल्या?"

"म्या कायले तोडू? वावर निंदलं, तन निंघालं. कुठी फेकावं, म्हनून धाडलं तुह्याकडे."

त्यानंतर दरवर्षी आबांच्या वावरातलं निंदण बरोबर चतुर्थीच्या आदल्या दिवशी निघायचं.

आता दुर्वा बाजारातून आणते. मोजून एकवीस.

एक मात्र राहून गेलं. आबा शेवटपर्यंत मला दारात "दंडवत प्रणाम" म्हणत राहिले. मी पंथ सोडल्यापासून उलटून कधी म्हटलं नाही. आपला हक्क गेला असं वाटायचं. नुसतीच पाया पडायचे.

आज पुरण घातलंय. बाप्पाचा नैवेद्य अजून व्हायचाय.
पहिली पोळी काढून, झाकून ठेवली आहे. सासूबाईंनी बघितलं आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

एव्हाना गार झाली असेल.

दंडवत प्रणाम, आबा.