फुकटची झाडं

माझी आई बोहारीण. जुनी लुगडी घ्यायची, बदल्यात भांडं द्यायचं. तिच्यामागून फिरत मी घासाघीस शिकले आणि शुक्रवार पेठेत स्वतःचं भांड्यांचं दुकान टाकलं. वरची खोली वन्यजीव वाचवणाऱ्या एका संस्थेनं भाड्यानं घेतली. संस्थेच्या मॅडम लांडग्यांचा अभ्यास करून आलेल्या, पण गावात गेल्या की समोरच्याचं सगळं मान्य करून रिकाम्या हातानं परत यायच्या. मला ते बघवेना. एकदा त्यांच्याबरोबर गेले आणि संध्याकाळपर्यंत सरपंचांकडून माळावर पाणवठा बांधायची परवानगी घेऊनच उठले. तेव्हापासून दुकान सून बघते आणि मी संस्थेत आहे.

फेब्रुवारीत चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याला मार्च संपायच्या आत काहीतरी समाजकार्य करून दाखवायचं होतं. मी तिथल्या साहेबांना गाठलं. आधी रोपं मिळवली, मग खड्ड्यांसाठी जेसीबी, मग पाण्याचा टँकर, आणि उठता उठता तारेचं कुंपणही पदरात पाडून घेतलं. अर्जात ‘जमिनीचा प्रकार’ असा रकाना होता. झाडं पाणवठ्याच्या त्याच माळावर लावायची होती, म्हणून तिथं मी ठळक अक्षरात लिहिलं : पडीक.

सोमवारच्या बैठकीत ही बातमी सांगून मी शाबासकीची वाट बघत बसले. मॅडमचा चेहरा उतरला.

‘‘ताई, झाडं कुणी मागितली होती?’’ सगळ्यांसमोर!

माझं डोकं फिरलं. ‘‘झाडं नको म्हणणारी पर्यावरणवाली आजच बघतेय मी! उद्या पाऊसही नको म्हणाल!’’

मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, ‘‘माळ गवताचा असतो. झाडं लावली की माळच उरत नाही. आणि गुरुवारी जेसीबी येतोय तिथं लांडगीण व्यालीय. आवाज झाला की ती पिल्लं उचलून उसात जाणार, आणि उसात लोक काठ्या घेऊन उभे असतात.’’

‘‘मग हे मला आधी का नाही सांगितलं?’’

‘‘बिळाची जागा आपण कुणालाच सांगत नाही.’’

त्या ‘कुणालाच’मध्ये मीही मोडते, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच माळावर गेले. ओळखीचे धनगर आजोबा मेंढरं चारत होते. मला बघून हसले. ‘‘काय अक्का, ऐन उनाळ्याच्या तोंडावर झाडं लावाय निगालाय म्हनं?’’

‘‘पडीक जमीन आहे, म्हटलं उपयोगी येईल.’’

‘‘पडीक? दुपारी तुमचं दुकान झाकल्यालं असतंय, त्याला आमी पडीक म्हन्तो व्हय? ही मेंढरं काय हवा खात्यात?’’

मी हळूच विचारलं, ‘‘लांडगीण आहे म्हणतात इथं.’’

‘‘हाय की. वढ्याच्या अंगाला व्यालीया. माजं कोकरू बी न्हेलंय तिनं.’’

‘‘मग तुम्ही काय केलंत?’’

‘‘लई शिव्या दिल्या की!’’

म्हणजे ह्यांना ठाऊक. बहुतेक मेंढरांनाही ठाऊक. फक्त मला नाही. तशीच तणतणत कारखान्यावर गेले.

साहेबांनी अर्ज पुढे सरकवला. ‘‘ताई, पडीक तुम्हीच लिहिलंय. अक्षर तुमचंच ना?’’

‘‘अक्षर माझं आणि चूकही माझी. पण दिलेलं परत करणं आमच्या धंद्यात बसत नाही. बदलून घेणं बसतं.’’

माझं मागणं सरळ होतं. जेसीबीनं खड्डे कारखान्याच्याच उघड्याबोडक्या आवारात खणायचे, रोपं तिथं लावायची, टँकरही तिथंच रिकामा करायचा. कुंपणाच्या बदल्यात धनगरांच्या कुत्र्यांना लसी द्यायच्या, म्हणजे कुत्र्यांचे रोग लांडग्यांना लागणार नाहीत.

‘‘कुत्र्यांना लसी? फोटोत काय दिसणार?’’

‘‘तुम्ही दिसाल. कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून.’’

‘‘मला कुत्र्यांची भीती वाटते.’’

‘‘मग कोकरू धरा. फोटोत जास्त गोड दिसतं.’’

साहेब ‘बघू, विचारतो’ करू लागले. आईचा नियम असा, की गिऱ्हाईक ‘बघू’ म्हणालं की पाटी डोक्यावर घ्यायची आणि चालू लागायचं. मी पिशवी उचलली. हाक आली नसती तर गुरुवारी ती लांडगीण उसात गेली असती. दाराबाहेर पाऊल पडलं आणि मागून आवाज आला, ‘‘अहो, बसा तरी!’’

गुरुवारी जेसीबी कारखान्याच्या आवारात घरघरला. पुढच्या आठवड्यात कुत्र्यांना लसी टोचल्या. साहेबांनी कोकरू असं धरलं होतं, जणू ते चावणारच आहे.

नंतर एक दिवस मॅडम खाली दुकानात आल्या. ‘‘बिळाजवळ येणार का? लांबून, दुर्बिणीतून. दहा मिनिटं.’’

चुकलं वगैरे काही म्हणाल्या नाहीत. मी म्हटलं, ‘‘अर्धा तास.’’ शेवटी पंधरा मिनिटांवर सौदा पटला.

चार पिल्लं होती. आईच्या अंगावर चढत होती, घसरत होती, पुन्हा चढत होती. एक थांबून थेट माझ्याकडे बघायला लागलं. मॅडम कुजबुजल्या, ‘‘एवढ्या लांबून त्याला आपण दिसत नाही.’’ मी म्हटलं, माझ्याकडेच बघतंय. त्या म्हणाल्या, शक्यच नाही. आमचं हे कुजबुजतं भांडण मिटेपर्यंत पंधरा मिनिटं संपली होती, आणि पिल्लं बिळात गेली होती.