दिंड्याचा घोस

आमच्या गावामागच्या टेकडीवर, मोठ्या झाडांच्या गच्च सावलीत, पावसाळ्यात दिंडा उगवायचा. सुपाएवढी पानं, पांढरी फुलं आणि भाद्रपदात काळ्या फळांचे घोस. कोवळ्या देठांची भाजी घरोघर व्हायची. ओढ्याकाठच्या एका दिंड्याला मात्र कुणी हात लावायचं नाही. त्याच्या बुडाशी माझा थोरला भाऊ पुरला होता. बारशाआधीच गेला, आणि तान्ह्या पोराला जाळत नाहीत.

पितरांच्या पंधरवड्यात वडील कावळ्यांसाठी पानं वाढायचे. आई दरवर्षी म्हणायची, "त्याचा पन एक घास ठेवा." वडील दरवर्षी म्हणायचे, "ज्याचं नाव ठेवलं नाय, त्याचं पान कुनाच्या नावानं वाढू?" शास्त्र त्यांच्या बाजूला होतं. मग आईनं स्वतःचं शास्त्र काढलं. त्या दिंड्याची फळं बुलबुलांनी खायची, म्हणजे ती त्या बाळाला पोचतात. आम्ही एखादं जरी तोडलं तरी पाठीत धपाटा बसायचा.

विमानतळासाठी टेकडी सपाट करायची ठरली. लोकांनी देव हलवले, सागवानी दारं हलवली. आईनं त्या दिंड्याचा कंद उकरून गोणपाटात बांधला. ते गाठोडं टेम्पोत वडिलांनीच चढवलं.

उलव्याच्या नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत, पिंपात लावलेल्या दिंड्याची पानं उघडीप पडली की करपायची. शेवटी आईनं पिंप खाली इमारतीच्या डक्टमध्ये, भिंतींमधल्या चिंचोळ्या जागेत, नेऊन ठेवलं. तिथं ऊन नाही, आणि सगळ्या बाथरूमच्या पाइपांची ओल बारमाही. मला हसू आलं, पण दिंड्याला तिथंच मानवलं. दिवाळीनंतर तो खोडासकट वाळून गेला, तेव्हा शेजारी म्हणाले, मेलं झाड. आई म्हणाली, "निजलाय तो." पावसात कोंब आला.

पुढं वडील गेले. त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि त्या भाद्रपदात दिंड्याला पहिल्यांदा फळं धरली. पण डक्टवर कबुतरांसाठी जाळी लावलेली. बुलबुल येणार कुठून? फळं पिकून सिमेंटवर गळायला लागली. आई खिडकीत उभी राहून वर बघत राहायची. मला तिची कीव यायची आणि चीडही. एवढं दुःख तिनं आयुष्यभर एका झुडपावर निभावून नेलं होतं.

पितरांच्या पंधरवड्यात वडिलांच्या तिथीला मी गच्चीवर त्यांचं पान ठेवलं. भात, वडे, खीर. गुडघे दुखत असताना आई जिना चढून आली. पदराखालून तिनं काळा घोस काढला आणि भाताला लागून ठेवला.

"आई, हे पान बाबांचं आहे."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "आता बापूसच भरवील त्याला."

मग मला दंडाला धरून तिनं मागं ओढलं, कावळ्याला यायला जागा हवी म्हणून.