यंदा मका कुठे

माझ्या आत्याने आयुष्यभर मका लावला. घरामागचा तुकडा, मधला तुकडा, कालव्याकडचा तुकडा, तिन्हीकडे मकाच. तिने लग्न केलं नाही, की भावासारखं नोकरीसाठी शहर गाठलं नाही. त्या भावाची मी मुलगी. शाळेला सुट्टी लागली की वडील मला तिच्याकडे सोडून जायचे. स्वतः मात्र चहाचा कप खाली ठेवला की लगेच उठायचे.

ते का थांबत नाहीत, हे मोठेपणी आईने सांगितलं. आत्याला एक धाकटी बहीण होती, घरात सगळे तिला चिमणी म्हणत. शेतात गेलेल्या माझ्या आजोबांना हाक मारायला ती मक्यात शिरली आणि बाहेर आलीच नाही. माणसांनी ओळी धरून शेत पिंजून काढलं, विहिरीत गळ टाकले, कालव्याचं पाणी तोडून तळ पाहिला. कापणीनंतर मोकळं रान पुन्हा एकदा पालथं घातलं. चपलेचा अंगठासुद्धा मिळाला नाही.

पुढच्या हंगामात मका डोक्यावर गेला, तेव्हा आत्याला ती ऐकू आली.

हे तिने मला स्वतः सांगितलं. भांडी घासता घासता, आज दूध उशिरा आलं म्हणावं तसं.

"पानं सारत चालते. मका उंच झाला की येते, कापला की जाते."

"तुला भीती नाही वाटत?"

"सख्ख्या बहिणीची कसली भीती? कापणीची वाटते."

पण वर्षानुवर्षं एकच पीक घेऊन जमिनीत दम उरला नाही. जरा वारा सुटला की ओळीच्या ओळी आडव्या व्हायच्या. मक्याचं ताट उपटलं तर हाताबरोबर वर यायचं, खाली मुळं अळीने खाल्लेली. त्याच सुमारास सरकारने पिकांच्या फेरपालटीची योजना आणली. जो दरवर्षी पीक बदलेल त्यालाच बियाणं आणि पीकविमा. आजूबाजूचे सगळे तयार झाले. आत्या हटून बसली. शेवटी कृषी खात्याच्या बाई स्कूटरवरून घरी आल्या. बाई चिवट होत्या, एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा यायच्या.

"काकू, तुम्ही त्या अळीला दरवर्षी त्याच जागी पान वाढताय," त्या म्हणाल्या. "पीक हलवा, उपाशी मरेल."

"आणि मका?"

"मका बंद नाही करायचा, फिरवायचा. यंदा कालव्याकडे, पुढच्या वर्षी मधे, मग घरामागे. उरलेल्या दोन तुकड्यांत मूग आणि भुईमूग."

आत्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मका हलवला, तर त्यात जे राहतं ते मागोमाग जातं का?"

"छे, अळीला एवढं कुठलं चालता येतंय."

बाई गेल्यावर आत्या माझ्याकडे वळली. "अळीला येत नसेल. पोरीला येतं."

त्या वर्षी घराच्या मागे गुडघ्याएवढा मूग उभा राहिला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पार कालव्यापर्यंत नजर जायची आणि ते मोकळं रान आत्याला सोसायचं नाही. जेवण झालं की ती डोक्यावर फडकं टाकून कालव्याकडे जायची आणि मक्याच्या कडेला बांधावर बसून राहायची. एके दिवशी परतली ती हलक्या पावलांनी. "पोचली," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या वर्षी मका मधल्या तुकड्यात आला. जमीन सुधारत होती, ताटं आता वाऱ्याला दाद देत नव्हती. मी फोन केला की आत्या आधी पिकाचं सांगायची आणि मग आवाज खाली आणून म्हणायची, "जवळ आली बघ."

तिसऱ्या वर्षी मका घरामागे आला. मला तोवर नोकरी लागली होती. रजा घेऊन मी मुद्दाम गेले. दिवस मावळत होता, वारा पडला होता. आत्याने मागचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिली. मी तिच्या मागे.

मक्यात सळसळ झाली. वरचे तुरे स्थिर होते, हलत होती ती खालची पानं, एकाच ओळीतली, आणि ती हालचाल आमच्याकडे येत होती. शेवटच्या ओळीपाशी ती थांबली.

"चल, आत ये," आत्या म्हणाली. ताट वाढून ठेवल्यावर मुलांना बोलवतात त्या आवाजात. "किती उशीर."

मी डोळे मिटून घेतले. गुडघ्याजवळून काहीतरी गार, ओलसर गेलं, मातीचा वास मागे राहिला. मग आत्याने दार लावून कडी घातली.

त्यानंतर मका कुठल्या तुकड्यात आहे, हे तिने कधी विचारलं नाही. बाई इतर शेतकऱ्यांना तिचं रान दाखवायला आणायच्या. आत्या सगळ्यांना चहा द्यायची आणि सांगायची, "पीक फिरवा. फिरवलं की घरापर्यंत येतं." लोक हसून माना डोलवायचे. कोणी मोठ्याने बोललं की ती मधल्या खोलीचं दार अलगद ओढून घ्यायची. "आत्ताच डोळा लागलाय."

गेल्या वर्षी आत्या वारली. शेत माझ्याकडे आलं, नोकरी सोडून मी इथे राहायला आले. फेरपालट चालू ठेवली आहे. यंदा मका कालव्याकडे आहे. मी जाऊन कान देऊन उभी राहिले, वाऱ्याशिवाय काही वाजत नाही.

वाजतं ते घरात. आत्याच्या मागे चिमणीला निजवणारं कोणी नाही. दुपार कलली की मधल्या खोलीत पावलं सुरू होतात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी तिथे अंथरूण घालते, पण बसत नाही. एकदा दाराला हात लावून हळूच म्हटलं, "आत्या शेतात गेलीय. येईल."

आत्या मला आत्या होती, तिला ताई. ते लक्षात आलं आणि मी सुधारून म्हटलं, "ताई येईल."

पावलं थांबली. आता रोज हेच सांगावं लागतं.