ब्रिनहेलिगचा उतार

आयरवेन प्रिचर्ड गावच्या फुटबॉल क्लबच्या सभेला गेली ती आपलं पातेलं परत आणायला. ती गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. शाळेचं साठ माणसांचं पातेलं क्लबने नाताळात जेवणासाठी नेलं होतं, आणि मार्च उजाडला तरी त्याचा पत्ता नव्हता. सभा चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चच्या, मागच्या खोलीत होती. कोरम सात जणांचा, हजर सहा.

"आलीच आहेस तर बस दोन मिनिटं," अध्यक्ष टेग्विन म्हणाला. टेग्विनची बेकरी होती, म्हणून गाव त्याला पावटेग्विन म्हणायचं. "नुसतं बसायचं. बोलायचं काही नाही."

आयरवेन कोट न काढता बसली. अर्ध्या तासाने उठली तेव्हा ती क्लबची चिटणीस होती. आधीचा चिटणीस लेकीकडे कॅनडाला गेला होता आणि बाकीच्या साऱ्यांचं अक्षर वाईट होतं.

"पातेलं मिळालं का?" घरी गेल्यावर नवऱ्याने, इद्वलने विचारलं.

"मिळालं. सोबत अकरा माणसंही मिळाली," ती म्हणाली.

ही गोष्ट १९७८ सालची. वेल्समधल्या ब्रिनहेलिग गावचा हा क्लब तेव्हा सत्तर वर्षांचा होता आणि त्या सत्तर वर्षांत त्याने नाव घेण्यासारखं काही केलेलं नव्हतं. पाटीच्या दगडाच्या खाणीतल्या कामगारांनी तो काढला होता. मैदानासाठी एका शेतकऱ्याने रान फुकट दिलं. तिथे गाय उभी राहिली तरी तिचे दोन पाय लांब आणि दोन आखूड असावे लागतील, असं ते रान होतं. या गोलापासून त्या गोलापर्यंत अकरा फुटांचा उतार. खालच्या गोलामागे ओढा. चेंडू ओढ्यात गेला की लांब काठीला जाळी बांधून तो काढावा लागे.

पण गावाला या उताराचा फार अभिमान. नाणेफेक जिंकली की आपली पोरं पूर्वार्धात चढावर खेळायची. पाहुण्यांना वाटायचं, वा, आपल्याला उतार मिळाला. उत्तरार्धात तेच पाहुणे चढ चढताना धापा टाकायचे आणि ब्रिनहेलिगचे वरून धोंड्यासारखे कोसळायचे. घरचे सामने सहसा हरत नसत. बाहेर, सपाट मैदानावर, सहसा जिंकत नसत.

आयरवेनला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसांच्या भुका कळत होत्या. तिने पहिल्याच महिन्यात नियम केला. गुरुवारी सरावानंतर गरम लॉबस्काऊस मिळेल, मटण, बटाटे, गाजर घालून दाट शिजवलेला. जो सरावाला नाही, त्याला वाडगा नाही.

"मावशी, मी पाय मुरगळला म्हणून नाही आलो," एका गुरुवारी मधल्या फळीतला एमलिन म्हणाला. एमलिन नळदुरुस्तीचं काम करायचा.

"पाय मुरगळलेला माणूस रश्श्याच्या वासाने टेकडी उतरून आला कसा रे?"

"लंगडत आलो."

"मग लंगडतच घरी जा. आईला सांग, अंडं उकडून दे."

पुढच्या गुरुवारी एमलिन सगळ्यांच्या आधी हजर होता. आधी सरावाला सहा-सात जण यायचे, आता अठरा येऊ लागले. पलीकडच्या गावातला एक दांडगा गोलरक्षक केवळ त्या रश्श्यापायी क्लब बदलून आला, असं लोक म्हणत. त्याने ते कधी नाकारलं नाही. दहा-बारा वर्षांत क्लब एकेक पायरी चढत गेला. १९९२ साली साऱ्या वेल्सची मिळून एक लीग सुरू झाली, आणि दोन वर्षांनी तिच्या उंबरठ्यावर ब्रिनहेलिग येऊन उभा राहिला.

मग मार्चमध्ये लीगचा माणूस मैदान मोजायला आला. त्याने वरच्या गोलापाशी चेंडू ठेवला आणि वहीत काही लिहायला मान खाली घातली. मान वर केली तेव्हा चेंडू ओढ्यात होता.

"बाई," तो आयरवेनला म्हणाला, "तुमचा संघ चांगला आहे. पण ही घसरगुंडी आहे. ऑगस्टपर्यंत सपाट करा, नाहीतर वर येता येणार नाही."

गावात भडका उडाला. सगळ्यात तापला गोरोन्वी. वय एक्याऐंशी, जन्म खाणीत गेलेला, तरुणपणी क्लबचा गोलरक्षक. चॅपलमागच्या खोलीत त्या दिवशी सातच काय, सत्तर माणसं जमली होती.

"उतार हा आपला बारावा गडी आहे," गोरोन्वी काठी आपटत म्हणाला. "त्याला काढायचं? मग खेळणार कोण, तुझं पातेलं?"

लोक हसले. आयरवेनही हसली, पण आतून तिला लागलं. सोळा वर्षं त्या पातेल्यावरच तर क्लब उभा होता. ती सावकाश म्हणाली, "बरोबर आहे, गोरोन्वीकाका. तसंही ते काम आपल्याला जमणारं नाही. शहरातला एक कंत्राटदार म्हणाला, खालच्या बाजूला सहा फुटी भिंत लागेल, ती सिमेंटची करू. पाटीच्या दगडाची कोरडी भिंत रचणारं आता इकडे कोणी उरलं नाही म्हणे."

गोरोन्वीची मान हळूहळू वळली.

"कोण म्हणाला?"

"कंत्राटदार."

"इथला आहे?"

"नाही हो. सपाटीवरचा."

असा कंत्राटदार जगात नव्हता. इद्वलला ते ठाऊक होतं, म्हणून तो खिडकीबाहेर बघत बसला.

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी गोरोन्वी आणि त्याचे पाच म्हातारे साथीदार हातोडे घेऊन मैदानावर आले. बंद खाणीतला दगड ट्रॅक्टरने येत होता. पोरांनी मैदानावरची हिरवळ पट्ट्यापट्ट्यांनी कापली, गालिच्यासारखी गुंडाळून सावलीत रचली आणि रोज पाणी मारलं. वरचं टोक खणलं, खालचं भरलं. गोरोन्वी दगड हातात घेऊन फिरवायचा, नाक मुरडायचा, बाजूला टाकायचा. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. जुलैअखेर भिंत अशी उभी राहिली की दोन दगडांमध्ये सुरीचं पातं शिरेना. लीगचा माणूस पुन्हा आला, पुन्हा चेंडू ठेवला. चेंडू होता तिथेच राहिला. गोरोन्वीने तोंड फिरवलं. कुणी म्हणालं, तो रडला. तो म्हणाला, दगडाची धूळ गेली.

हिरवळ रुजावी म्हणून पहिले पाच सामने बाहेर घेतले. पाचही हरले. "घरी येऊ द्या," लोक म्हणाले. सहावा सामना घरी झाला आणि शून्य-चार असा हरला. पिढ्यान्पिढ्यांची सवय पायात मुरलेली. खालच्या दिशेने मारलेला चेंडू आपोआप घरंगळेल म्हणून ते हळू मारायचे, तो वाटेतच थांबायचा. वरच्या दिशेला जोर लावायचे, तो थेट रस्त्यावर. घरचं मैदानही परकं झालं होतं.

"सांगितलं होतं," गोरोन्वी आपल्याच भिंतीवर बसून म्हणाला.

त्या आठवड्यात आयरवेनने पहिल्यांदाच सोडून देण्याचा विचार केला. रस्सा ढवळता ढवळता ती इद्वलला म्हणाली, "चांगलं चाललेलं मोडलं मी."

इद्वल टपाल वाटून आला होता. तो बूट काढत म्हणाला, "त्यांना सपाट जागा दाखव ना. या गावात टेबलसुद्धा सपाट नाही. पोरांनी पाहिलीय कुठे?"

पुढच्या गुरुवारी तिने शाळेची बस मागून घेतली आणि सगळ्यांना वीस मैलांवरच्या समुद्रकिनारी नेलं. ओहोटीची ओली वाळू, आरशासारखी, मैलभर. सीगल पक्षी आणि एक कुत्रा सोडला तर बघायला कोणी नाही. आठवड्यातून दोनदा, दीड महिना ते तिथे खेळले. भरती आली की सराव संपला. रस्सा झाकणबंद डब्यांतून यायचा आणि त्यात थोडी वाळू असायचीच.

नोव्हेंबरमध्ये पहिली बरोबरी झाली, शून्य-शून्य. गावाने ती लग्नासारखी साजरी केली. त्या वर्षी क्लब शेवटून तिसरा आला, म्हणजे तरला. पुढच्या वर्षी आठवा. आणि चौथ्या वर्षी दुसरा, म्हणजे युरोपात खेळायचा मान. समोर संघ आला फिनलंडचा. तिकडे ब्रिनहेलिग तीन-शून्यने हरला. परतीचा सामना, युरोपच्या नियमांना आपलं मैदान पुरेना म्हणून, शेजारच्या मोठ्या गावातल्या मैदानावर झाला, एक-एक बरोबरीत, आणि तो एक गोल मारला एमलिनने, अडतिसाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टी बांधून. त्या गोलाने दोन्ही सामन्यांच्या एकत्रित निकालात काही फरक पडला नाही. गावात मात्र फार पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एमलिन नेहमीसारखा कामावर गेला, चॅपलच्या पाद्र्याकडे नळ दुरुस्त करायला. दुपारी पाद्र्याच्या बायकोचा आयरवेनला फोन आला.

"आयरवेन, तुझ्या त्या एमलिनला काहीतरी सांग. आठ वाजता आलाय. आमच्या ह्यांनी त्याला तीनदा गोल सांगायला लावला, आता दोघं माझ्या स्वयंपाकघरात खुर्च्यांना खेळाडू करून दाखवतायत. नळ अजून ठिबकतोय."

"ठिबकू दे," आयरवेन म्हणाली. "खाली बादली ठेव. आणि पाच वाजता त्याला तिथून हाकल, आज सराव आहे."