इम्रान म्हणजे तोच ना?

किस्से जमवायला मी कधी बसलो नाही. ते आपोआप साचतात, आमच्या गाळ्यासमोरच्या खड्ड्यात पाणी साचतं तसे. त्यासाठी दोनच गोष्टी लागतात. एक, इम्रान नावाचा मित्र. दोन, आजूबाजूला पन्नाशी ओलांडलेली, रोज पेपर वाचणारी आणि जगातलं सगळं माहीत असलेली माणसं. दुसरी गोष्ट वसईत मुबलक आहे.

गोखिवऱ्याला म्हात्रेशेठच्या गाळ्यात आम्ही दोघं दारावरच्या पाट्या बनवतो. मी बी.कॉम. अर्ध्यात सोडलं आणि इथे आलो. इम्रान शाळेपासूनचा दोस्त, तो माझ्या आधीच इथे चिकटला होता. मी पत्रा कापतो, पॉलिश करतो. तो अक्षरं कोरतो. नव्वदनंतर इथे अशा बिल्डिंगी उठल्या की लोक आधी पाटीची ऑर्डर द्यायचे आणि मग गॅसचा नंबर लावायचे. म्हणजे अख्ख्या वसई पूर्वेच्या नावांचा धंदा आमचा. आणि त्रास एकाच नावाचा!

कुठेही जा. "नाव काय?" "इम्रान." की समोरच्याचा चेहरा उजळतो, किंवा पडतो. "म्हणजे तोच ना...?"

नाही हो काका. तो नाही.

* * *

सुरुवात ब्याण्णवची. आम्ही आठवीत होतो. शेजारच्या देशानं वर्ल्ड कप जिंकला आणि त्यांच्या कॅप्टनचं नाव घराघरात पोचलं. आमच्या पीटीच्या सरांनी दुसऱ्याच आठवड्यात शाळेची टीम काढली. हजेरीतलं नाव बघितलं आणि म्हणाले, "इम्रान! तू कॅप्टन."

इम्रान तोपर्यंत फक्त कॅरम खेळला होता. त्यानं सांगून बघितलं. सर म्हणाले, "नम्रपणा चांगला आहे, पण आता पुरे."

मॅच सोपाऱ्याच्या शाळेशी. आमच्या कॅप्टननं टॉस जिंकला आणि अंपायरलाच विचारलं, "सर, तुम्हाला काय बरं वाटतं?" बॅटिंगला आला, पहिल्या बॉलला आऊट झाला, तरी उभाच. कुणीतरी हाताला धरून आणला. सर सगळ्यांसमोर ओरडले, "नाव इम्रान आणि खेळ हा? नावाची तरी लाज ठेव!"

टीममधून काढला. पुढे एकदा इंडिया-पाकिस्तान मॅच होती. तेच सर वर्गात येऊन डोळे मिचकावून म्हणाले, "काय इम्रान, आज मजा आहे तुमची!"

वा रे सर! खेळता येत नव्हतं तेव्हा तो आमचा कॅप्टन. नुसतं बघायचं होतं तेव्हा तो त्यांचा!

* * *

म्हात्रेशेठ माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात. मीसुद्धा पगाराच्या दिवशी म्हणतो.

शेठची एक पद्धत होती. गिऱ्हाईक आलं की आधी कपाळ बघायचं, बोटातल्या अंगठ्या बघायच्या, मग हाक मारायची. दारावर गणपतीची पाटी हवी असलेला कुणी आला की शेठ आत बघून ओरडायचे, "इंदर, जरा सॅम्पल आण रे!" आणि सातशेशहाऐंशी कोरून घ्यायला कुणी आलं की, "इम्रानभाई, बाहेर या, तुमचे लोक आलेत!"

मी एकदा विचारलं, "शेठ, हे काय चाललंय?"

"धंदा. कॉलेज सोडलेल्यांना नाही कळायचं."

इम्रान दोन्ही हाकांना ओ द्यायचा. मला त्याचाच जास्त राग यायचा. "तुला काही वाटत नाही का?" म्हटलं तर म्हणायचा, "अक्षर तेच कोरायचंय ना? चल, पत्रा दे."

मग व्हायचं ते झालं. एका रविवारी काउंटरवर एक जोशीकाका उभे, गणपतीवाले. त्यांच्याच शेजारी एक हाजीसाहेब, त्यांना कुराणातली आयत कोरून हवी. दोघांनाही घाई. शेठनं आत तोंड केलं, उघडलं, मिटलं, परत उघडलं. शेवटी घसा फाडून ओरडले,

"अरे ए... डावीकडचा!"

डावीकडे मी होतो. मी गेलो. मला कोरता येत नाही. दोन्ही ऑर्डरी गेल्या.

* * *

आता आमच्या पिताश्रींकडे येऊ. पिताश्री मंत्रालयातून रिटायर झाले आणि पेपरात भरती झाले. सकाळचा चहा, पेपर आणि मोठ्यानं वाचन. गावात, राज्यात, देशात कुठेही इम्रान नावाचा माणूस पकडला गेला की मला आतून बोलावून घ्यायचे.

"हे बघ. भिवंडीत पकडलाय. इम्रान. तुझा तो नाही ना?"

"बाबा, तो काल रात्री आपल्याकडे जेवून गेलाय. तुम्हीच त्याला आमटी वाढलीत."

"नाही, आपलं विचारलं. सावध असावं माणसानं."

पाकीटमार इम्रान, नकली घड्याळवाला इम्रान, चालत्या रिक्षातून पळालेला इम्रान. सगळ्यांची चौकशी माझ्याकडे! माझे वडील एवढे शिकलेले, आयुष्यभर फायलींवर शेरे मारले, पण एका नावाची दोन माणसं असू शकतात हा शेरा त्यांना कधी सुचला नाही.

मग एकदा दहावीचा निकाल लागला. पेपरात पहिल्या पानावर फोटो. बोर्डात आलेला मुलगा, रिक्षावाल्याचा पोरगा, नाव इम्रान. मी पेपर उचलला आणि सरळ पिताश्रींच्या मांडीवर ठेवला. "बाबा, हा माझा तो आहे का?"

पिताश्रींनी चष्मा वर केला, फोटो नीट बघितला आणि पान उलटलं.

"नावं काय रे, सारखीच असतात."

* * *

कुणाला वाटेल मी फक्त आमच्याच म्हाताऱ्यांच्या मागे लागलोय. तसं नाही. म्हातारपण सगळ्या धर्मांत सारखंच असतं.

दोन हजार पाचच्या आसपास इम्रानचं लग्न ठरत होतं. मुलगी मुंब्र्याची, रुख्साना. दोघं एकमेकांना एका लग्नात भेटलेली, पसंती आधीच झालेली, नुसतं मोठ्यांना सांगायचं बाकी. पण नेमका त्याच काळात याच नावाचा एक हिरो आला होता आणि तो प्रत्येक पिक्चरमध्ये हिरॉइनचं चुंबन घ्यायचा. रिक्षांच्या मागे पोस्टर, पानाच्या टपरीवर पोस्टर. मुलीच्या आजोबांनी बघण्याच्या कार्यक्रमात पहिला प्रश्न विचारला, "नाव बदलता येईल का?"

इम्रान अदबीनं म्हणाला, "दादाजान, माझं नाव त्याच्या आधीचं आहे."

आजोबांनी दाढीवरून हात फिरवला. "तोही आपल्या सासरी असंच सांगत असेल."

मी सरबत पीत होतो, ते नाकात गेलं. शेवटी आजोबा राजी झाले, पण अट घातली. इम्रान आईबाप आणि दोन भावांच्या संसारासकट एका खोलीत राहतो, तिथे माझी नात येणार नाही. आधी वेगळं घर बघा. नसेल जमत तर दुसरं स्थळ तयार आहे, साबणाच्या कंपनीत सुपरवायझर.

बाहेर आल्यावर इम्रान बोटांवर पगाराचा हिशोब करू लागला. मी म्हटलं, "अरे, भाड्याचं घर, त्यात काय! अर्धी वसई रिकामी आहे."

बोलून गेलो खरा.

* * *

एव्हरशाईन सिटीत एक सोसायटी. चाळीसेक फ्लॅट, प्रत्येक दारावरची पाटी इम्राननं कोरलेली. आम्हाला वाटलं, ओळखीचं घर आहे. एक फ्लॅट रिकामा, मालक दुबईला, त्याची फोनवर हो होती. फक्त सेक्रेटरीला भेटा म्हणाला.

सेक्रेटरी राणेकाका. एकदम गोड माणूस. चहा दिला, बिस्किटं दिली. "माझी काही हरकत नाही. माझे स्वतःचे किती मित्र आहेत तुमच्यातले! पण बाकीच्यांचं काय ना, बाकीच्यांना विचारावं लागेल."

मी म्हटलं, चला, विचारूच. खालच्या मजल्यावरचे कुलकर्णी म्हणाले, "आम्हाला काय, आम्ही मॉडर्न. पण वरचे मेहता आहेत." मेहता म्हणाले, "हमको क्या प्रॉब्लेम? लेकिन सावंत वहिनी..." सावंत वहिनी म्हणाल्या, "अगोबाई, माझी कसली हरकत! राणेकाकांचं जरा कडक असतं."

अख्खी बिल्डिंग फिरलो. कुणाचीच हरकत नाही! इतकी बिनहरकत बिल्डिंग मी जन्मात बघितली नाही. आणि फ्लॅट काही मिळाला नाही.

निघताना राणेकाका दारापर्यंत सोडायला आले. स्वतःच्या दाराकडे बघत म्हणाले, "इम्रान, आलाच आहेस तर ही पाटी जरा सरळ कर ना. एका बाजूला झुकलीय."

आणि या गाढवानं खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि केली सरळ! वर रुमालानं पुसली!

जिन्यात मी त्याला नाही नाही ते बोललो. तो शेवटच्या पायरीवर थांबला आणि म्हणाला, "तू शिव्या घालतोस आणि घरी जाऊन झोपतोस. मला उद्या दुसरं घर बघायचंय. भांडायला वेळ कुणाकडे आहे?"

 

* * *

मग विरारचा एक एजंट. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सल्ला दिला, "घर आहे. फक्त मालकासमोर तोंड उघडू नका. मी सांगतो, पार्टी मुकी आहे."

इम्राननं विचारलं, "आणि लग्नानंतर बायको?"

"तीपण मुकी. अशी जोडपी असतात, मालकांना आवडतात. भांडणाचा आवाज नाही."

* * *

मुंब्र्याहून निरोप आला. साबणवाला सुपरवायझर रविवारी चहाला येतोय. रुख्सानानं फोनवर इम्रानला एवढंच सांगितलं, "घर शोध. मी चहात मीठ घालून एक रविवार काढेन, दोन नाही निघणार."

त्याच शनिवारी आम्ही बाईकवरून वसई गावाकडे गेलो, पश्चिमेला, केळीच्या वाड्यांच्या पलीकडे. कुणीतरी सांगितलं होतं, फिलूआजींच्या घराची वरची खोली रिकामी आहे, जिना बाहेरून आहे. फिलोमिना आजी, पण सगळं गाव फिलूआजी म्हणतं. जुनी ख्रिस्ती मंडळी, वाडीवाले.

ओट्यावर आजी खाली बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या. बाजूला खुर्चीत त्यांचा मुलगा डॉमनिक, बँकेतला, पायावर पाय टाकून. आम्ही खाली अंगणात उभे. आजींनी आमच्याकडे बघितलंही नाही. सगळं बोलणं डॉमनिकनंच केलं. आधी नोकरी विचारली, मग पगार, आणि शेवटी नाव.

"इम्रान."

डॉमनिकनं पाय खाली घेतले. मी मनात म्हटलं, आता कॅप्टन येतो की हिरो?

"नाही, असं आहे," डॉमनिक म्हणाला, "आमची काही हरकत नाही. पण गाव आहे, चर्च जवळ आहे. आम्ही शक्यतो आमच्यातल्याच लोकांना देतो."

मी बाईककडे वळलो. माझी शिवी ओठावर आली होती. इम्रान नेहमीसारखा "ठीक आहे सर, थँक्यू" म्हणाला. तेवढ्यात आजींनी मान वर केली.

"काय नाव म्हनलास, पोरा?"

"इम्रान, आजी."

"हे नाव कोनाचं?"

डॉमनिक वैतागला. "आई, तुझं काय मधेच? त्यांच्यात नसतं तसं." मग आम्हाला म्हणाला, "ही सगळ्यांनाच विचारते. आमच्यात प्रत्येक नावाचा एक संत असतो ना. तुम्ही लक्ष नका देऊ."

पण आजी थांबायला तयार नव्हत्या. "नाव ठेवलं म्हंजे कोनातरी मोठ्या मानसाचं आसंल ना? का असंच ठेवलं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे सांगायचेच! इम्रान थोडा गडबडला. एकदा माझ्याकडे बघितलं. मला तरी कुठे माहीत होतं?

"आजी," तो म्हणाला, "येशूची आई मरियम, तिच्या वडिलांचं नाव. आमच्या कुराणात त्यांना इम्रान म्हणतात."

आजींच्या हातातली कळी हातातच राहिली. "मारीमायचा बापूस?"

"हो."

"आमचा जोकीम?"

"तुमच्यात जोकीम असेल. आमच्यात इम्रान."

डॉमनिक म्हणाला, "आई, हे बघ, ते वेगळं..."

"तू गप." आजींनी पदर झटकला, कळ्या ओट्यावर सांडल्या. गुडघ्यावर हात ठेवून त्या उठल्या आणि बँकेतल्या मुलाकडे अशा बघू लागल्या की मीसुद्धा एक पाऊल मागे सरलो.

"देवाच्या आज्याला अंगनात उभा केलास, नि तू खुर्चीत बसलायस? ऊठ! नि वरच्या खोलीची चावी आन!"